दक्षिणेच्या भिंतीवरचा खटका

दुपार कलती झाली आणि पठाराच्या पश्चिम कडेवर ढग उभे राहिले, त्या वेळी ग्लेनाबा मेंढ्यांना पाणी पाजून नुकतीच मांडवाखाली येऊन बसली होती. ऊन अजून लख्ख होते. घराच्या दक्षिणेस लोखंडी चौकटीवर मांडलेली सोलर पॅनेलं त्या उन्हात डोळ्यांना सहन होत नव्हती. दूरवर पहिला गडगडाट झाला तशी म्हातारीने लोकर विंचरायच्या फण्या खाली ठेवल्या. मेघ बोलू लागले की माणसाने मौन धरावे, हातचे काम टाकावे, घरात काही चालते ठेवू नये, ही शिकवण तिच्या अंगात इतकी मुरलेली होती की त्यासाठी विचार करावा लागत नसे. ती उठली, पूर्वाभिमुख दारातून आपल्या होगनात, ओंडक्यामातीच्या गोल घरात, शिरली आणि सूर्याच्या वाटेने, म्हणजे डावीकडून, भिंतीवरच्या पेटीपाशी गेली.

पेटीत वीज तोडायचा एक लहान काळा ब्रेकर होता. वाकड्या झालेल्या बोटांत त्याचा दांडा नीट धरता येत नसल्याने ती तो नेहमी अंगठ्याच्या टोकाने खाली दाबी. उन्हाळाभर प्रत्येक ढगाला तिने हेच केले होते आणि दर वेळी आतून बारीक चरचर ऐकू आली होती. आज दांडा खाली गेला, पण चरचर थांबली नाही. पेटीच्या फटीतून निळसर पांढरा उजेड दिसू लागला. दोन टोकांच्या मध्ये ज्योत स्थिर उभी राहिली होती, वाऱ्याने हलेना की विझेना. प्लास्टिक वितळून ओघळले आणि जळका वास घरभर पसरला.

ग्लेनाबा ओरडली नाही. तिने जमिनीवरची मूठभर माती उचलून पेटीवर टाकली. ज्योत लवली आणि पुन्हा उभी राहिली. तेव्हा हिचे मूळ बाहेर आहे हे तिने जाणले. अंथरुणावरच्या सगळ्या घोंगड्या काखेत मारून ती बाहेर धावली आणि एकेका पॅनेलवर त्या पसरू लागली. तोवर ढग डोक्यावर आले होते. लोखंडापाशी उभे राहण्याची ती वेळ नव्हती हे तिला कळत होते, आणि तरीही शेवटच्या पॅनेलवर मेंढीचे कातडे टाकूनच ती आत आली. पेटीतली ज्योत गेली होती. भाजलेला अंगठा तोंडात धरून पाऊस संपेपर्यंत ती जमिनीवर गप्प बसून राहिली.

फ्रिज बंद पडला तो पडलाच. आतल्या साखरेच्या औषधाच्या कुप्या दोन दिवसांत निकामी झाल्या.

थोरली मुलगी व्हर्ना चिनली गावात इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती नव्या कुप्या आणि बर्फाची पेटी घेऊन आली, भिंतीवरचा काळा डाग पाहिला आणि आईसमोर स्टुलावर बसली.

"आता पुरे झालं, आई," ती म्हणाली. "माझ्याकडे खोली रिकामी आहे. नळाला गरम पाणी येतं."

"नळाचं पाणी मेंढ्या पितील का?"

"मेंढ्या विकायच्या. किती दिवस त्यांच्यामागं फिरणार? आता दर दोन दिवसांनी धाकट्या लोरिंडानं बर्फ आणून द्यायचा. एकदा बर्फ पडायला लागला की रस्ता बंद. मग औषध कुठं ठेवशील?"

"बर्फ पडल्यावर बर्फात ठेवीन."

"गोठलं की ते वाया जातं, तुला डॉक्टरीणबाईनं सांगितलंय."

ग्लेनाबाने चुलीत एक लाकूड सारले. मग ती म्हणाली, "पहिला बर्फ पडेपर्यंत थांब. तोवर हे नीट झालं नाही तर ट्रेलर घेऊन ये. मेंढ्या घाल त्यात, मलाही घाल."

हे बोलणे व्हर्नाने शब्दशः लक्षात ठेवले. आईचा शब्द सहसा फिरत नसे.

*

पॅनेलं बसवली होती धाकट्या जावयाने, लोरिंडाच्या नवऱ्याने. विल्बर्ट शाळेची बस चालवी. त्याआधी कोळशाच्या खाणीत वायरमनच्या हाताखाली त्याने बरीच वर्षे काढली होती. संसाराला इतका काळ लोटला, मुले मोठी होऊन कामाला लागली, परंतु सासूचे मुख त्याने कधी पाहिले नव्हते आणि तिनेही त्याचे पाहिले नव्हते. सासू-जावयाची दृष्टादृष्ट झाली तर डोळे जातात, एकमेकांशी थेट बोलूही नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली होती. तरुण घरांतून ही रीत सुटत चालली होती. ग्लेनाबाच्या घरी ती सुटली नव्हती, आणि विल्बर्टलाही तिचा जाच वाटत नसे. वळणावर गुरे अडवायला जमिनीत बसवलेल्या लोखंडी जाळीवरून गाडी खडखडली की तो एकदा हॉर्न वाजवी, मग सासू घरात तरी जाई किंवा मेंढवाड्यामागे तरी. बहुधा तो येई तो ती मेंढ्या घेऊन दूर गेलेली असताना, भर दुपारी. त्याच्या हातची फोडलेली लाकडे ती जाळी, आणि तिने पाठवलेले मटण तो जेवी. त्यांच्यात एवढा व्यवहार होता, आणि तो उत्तम चालला होता.

जळालेली पेटी उघडून त्याने ब्रेकर बाहेर काढला आणि तळहातावर ठेवून पाहिला. तो घरगुती विजेचा ब्रेकर होता. खाण बंद झाली त्या वेळी त्याने भंगारातून आणून ठेवला होता. तारेवरून येणारा घरचा करंट सेकंदात कितीदा तरी शून्यावर येतो, म्हणून तो साध्या ब्रेकरने तुटतो. पॅनेलांचा करंट एकाच दिशेने, न थांबता वाहतो. त्याची ज्योत विझवायला ब्रेकरही तसाच लागतो. विल्बर्टला हे ठाऊक होते. तात्पुरता लावू, पुढे बदलू, असे म्हणून त्याने तो लावला होता आणि पुढे बदलायचे राहून गेले होते.

"माझ्यामुळं झालं," तो लोरिंडाला म्हणाला. "आईला सांग."

"तिला ते माहीत आहे," लोरिंडा म्हणाली.

"काय म्हणाली?"

"काही नाही."

ग्लेनाबा पुष्कळ काही म्हणाली होती. लोरिंडाने त्यातले जावयाच्या कानापर्यंत नेण्याजोगे काही राखले नव्हते. निरोप्याचे काम ती लग्नापासून करत होती, आणि दोन्हीकडचे काटे काढून मगच निरोप पोचवावा हा तिचा शिरस्ता होता.

पुढल्या रविवारी ग्लेनाबा मांडवाखाली मागापाशी बसली, विल्बर्ट ट्रकच्या आड उभा राहिला, आणि लोरिंडा मधल्या धुळीतून खेपा घालू लागली.

"तो म्हणतो, ढग आले की आधी फ्रिज बंद कर. मग इन्व्हर्टर. मग थोडं थांबायचं. आणि मग ब्रेकर पाड."

"ढगांना थांबायला तूच सांगशील की तुझा नवरा सांगणार?"

लोरिंडा ट्रककडे आली. "तिला इतकं जमणार नाही म्हणते."

"मग घरात, बॅटऱ्यांजवळच लावू. छोटा चांगला मिळतो. वायरही कमी लागेल."

लोरिंडा मांडवाकडे गेली. ग्लेनाबाने माग थांबवला नाही. "घरात लावला आणि बिघडला, तर तो घरात येणार. म्हणजे मी मेंढवाड्यामागं जाऊन बसायचं. थंडीत बसवून बघ म्हणावं स्वतःच्या आईला. बाहेर लाव. दक्षिणेच्या भिंतीवर. तो बाहेरच्या बाहेर येईल, मी आतल्या आत राहीन. आणि एक सांग. मेघ बोलले की मी तो ओढणार. ऊन असो नसो, फ्रिज चालू असो नसो. कुणाला विचारायला जाणार नाही."

"बाहेर लाव म्हणते," लोरिंडा ट्रकपाशी येऊन म्हणाली. "आणि ती तो भर उन्हातच ओढणार."

"एवढंच बोलली? इतका वेळ?"

"जुन्या माणसांचं बोलणं सावकाश असतं."

विल्बर्ट हसला. मग त्याने विचारले, "तिचा खांदा कुठवर येतो?"

लोरिंडाने चुलीतला कोळसा आणला, घरामागे जाऊन दक्षिणेच्या ओंडक्यावर एक रेघ ओढली आणि त्याला हाक मारली. रेघ त्याच्या छातीच्याही खाली होती. विल्बर्ट तिच्याकडे पाहत राहिला. इतकी वर्षे मनात त्याने सासू उंच धरली होती.

*

चांगले सामान फार्मिंग्टन शहरात मिळे. मका खुडून झाला, पिन्यॉन पाइनच्या झाडांखालचे खायचे दाणे वेचून झाले, आणि एका थंड शनिवारी नवराबायको ट्रक घेऊन निघाली. दुकानातला रूडी हा लोरिंडाच्या कुळातलाच, नात्याने भाऊ लागे. सूर्यफुलाच्या बिया चघळत तो गल्ल्यामागे उभा असे.

"पॅनेल किती?" त्याने विचारले.

"सहा. तीन-तीनच्या दोन रांगा."

"मग हा घे." रूडीने बोटभर रुंदीचा एक ब्रेकर पुढे ठेवला. "सोलरचाच आहे. दीडशे व्होल्टपर्यंत चालतो. दोन रांगांचा करंट आरामात झेपेल. तुझा व्होल्टेज किती भरतो?"

"एकशेचोवीस. भर उन्हात स्वतः मोजलाय."

"मग कशाला काळजी? फक्त एक बघ. ह्याला अधिक-उणे आहे. तार उलट जोडलीस तर ओढताना हाही पेटेल. आणि चालू लोडवर उगाच ओढायचा नाही. कोण ओढतंय भर उन्हात?"

"सासू."

"तिला सांग ना, आधी बाकीचं बंद कर म्हणून."

"मी सांगू?"

रूडीने बीचे टरफल तळहातावर काढले. "हां. विसरलोच. तुमच्याकडं अजून आहे ते." मग तो लोरिंडाकडे वळला. "माझी सासू माझ्याच घरात असते, बहिणी. रोज संध्याकाळी शेजारी बसून टीव्ही बघतो. माझे डोळे शाबूत आहेत. कानांचं विचारू नकोस."

लोरिंडा हसली. विल्बर्टने तो लहान ब्रेकर उचलला, त्याचा दांडा एका बोटाने वरखाली करून पाहिला आणि खिशाकडे हात नेला.

"एकशेचोवीस का?" लोरिंडा सहज म्हणाली. "म्हणजे आई म्हणते तसं नाही तर."

"आई काय म्हणते?"

"काही नाही. गेल्या हिवाळ्यात तिचं एक चाललेलं असायचं. जाऊ दे."

"लोरिंडा."

ती थोडी संकोचली. "म्हणायची, तुझ्या नवऱ्यानं डबा उलटा जोडलाय. ऊन कोवळं असतं तेव्हा आकडा मोठा, आणि ऊन तापलं की आकडा लहान. असलं यंत्र जगात कुणी बघितलंय का, म्हणायची. सूर्य उगवला की बॅटऱ्यांच्या चार्जरच्या काचेत आकडा बघायची तिला सवय आहे. मला दाखवलाही होता एकदा."

"किती होता?"

"एकशे... पन्नाशीच्या पुढचा. अठ्ठावन्न असेल. बाहेर पाणी दगडासारखं झालं होतं."

विल्बर्टने ब्रेकर खाली ठेवला. दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. बाहेर ट्रकच्या टपावर वारा वाळू मारत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझी सासू म्हणते तुला वायर जोडता येत नाही? तू तिच्यासाठी तीन रविवार खड्डे खणलेले. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतेय."

"टोमणा होता तो," विल्बर्ट म्हणाला, "पण आकडा खरा होता."

हे ज्ञान नवे नव्हते. पॅनेल जितके थंड तितका त्याचा व्होल्टेज वर जातो. कागदावर तसे छापलेले असते आणि खाणीतल्या उस्तादानेही त्याला ते शिकवले होते. पठारावर हिवाळ्यातल्या पहाटे काच गोठलेली असताना पहिले किरण पडतात, त्या घटकेला आकडा सर्वांत मोठा. परंतु त्या घटकेला विल्बर्ट तिथे कधी नव्हताच. ती वेळ ग्लेनाबाची. ती उजाडण्यापूर्वी उठून पूर्वेला मक्याचे पराग वाहणार, मग मेंढ्यांकडे जाणार. तो यायचा सासू दूर गेल्यावर, पॅनेलं तापल्यावर, आणि मोजायचा तोही तेव्हाच.

"हा नको," तो रूडीला म्हणाला.

"दीडशेवर लिहिलंय म्हणजे दीडशे एकावन्नला फुटतो असं नाही रे."

"फुटणार नाही. पण थंडीच्या सकाळी ती ओढेल तेव्हा ज्योत विझेल का, ते मला तू लिहून देशील?"

रूडीने लहान ब्रेकर उचलून घेतला. तो आत गेला आणि एक जड राखाडी पेटी घेऊन आला. तिच्या दारावर बाहेरच्या बाजूस तळहाताएवढी लाल मूठ होती. "सहाशे व्होल्टचा. दोन्ही तारा एकदम तोडतो, कुठूनही जोड, अधिक-उणं नाही. भर लोडवर ओढायलाच केलाय. पावसापाण्यात बाहेर राहतो." त्याने मूठ फिरवली. आत कुठेतरी घट्ट, एकच खटका वाजला.

लोरिंडाने पुढे होऊन बोटे मुद्दाम वाकडी केली आणि आईचा हात जशी धरील तशी मूठ धरून पाहिली. बोटे न मिटताही मूठ वळली.

"हाच," ती म्हणाली. "हातमोजे घालूनसुद्धा जमेल तिला."

ट्रक परतीच्या वाटेला लागला. शिपरॉक गाव मागे पडल्यावर विल्बर्ट म्हणाला, "आणखी काय काय म्हणाली होती ती?"

"सगळं ऐकायचंय?"

"आकडे असतील तेवढं सांग."

"एकदा म्हणाली होती, ह्याच्या ट्रकचा आवाज ऐकला की मेंढ्यासुद्धा तोंड फिरवतात. त्यात आकडा नाही."

*

काम पुढे तीन-चार रविवार चालले. जमीन खाली कठीण होती. टिकावाचा घाव बसला की ठिणगी उडे आणि दंड झिणझिणत. पॅनेलांपासून भिंतीपर्यंत चर खणून त्याने वायरीचा पाइप पुरला. कोळशाच्या रेघेवर पेटी ठोकली. ओंडक्याच्या गाभ्यातून भोक पाडताना जुनिपर लाकडाचा गोड वास आला, तेव्हा त्याने थोडे थांबून लाकडाला हात लावला. घर सासूच्या बापाने बांधलेले होते. तो काम करी तेव्हा ग्लेनाबा मेंढ्यांमागे तळ्याकडे असे. संध्याकाळी ती परते तेव्हा तो गेलेला असे, आणि ती पेटी सगळ्या बाजूंनी न्याहाळून आत जाई.

शेवटच्या जोडण्या झाल्या त्या दुपारी त्याने फ्रिज चालू करून दिला. औषध मात्र अजून बर्फाच्या पेटीतच राहू दे, असा निरोप ठेवला. ज्या घटकेची भीती होती ती घटका अजून आली नव्हती.

आकाश पांढुरके झाले होते. रेडिओने रविवारी रात्रीपासून बर्फ सांगितला, आणि शनिवारी व्हर्नाचा फोन आला. "उद्या सकाळी ट्रेलर घेऊन निघतेय," ती लोरिंडाला म्हणाली. "आईनं शब्द दिलाय. रस्ता बंद व्हायच्या आत मेंढ्या हलवायला हव्यात."

"सकाळी नवा खटका ओढून बघणार आहोत, ताई. थोडं थांब."

"खुशाल बघा. मी निघतेय. टेकडीवर फोन लागतो, तिथून कळव."

रविवारी उजाडण्यापूर्वी विल्बर्ट आणि लोरिंडा वळणावर पोचली. जाळी खडखडली, हॉर्न वाजला. ठरले होते असे: ग्लेनाबा बाहेर, दक्षिणेच्या भिंतीशी उभी राहील, विल्बर्ट पूर्वेच्या दारातून आत जाईल आणि चार्जरपाशी आकडा पाहील, लोरिंडा कोपऱ्यावर उभी राहून दोघांना एकमेकांचे शब्द देईल. मूठ ओढायची ती ग्लेनाबानेच. "मी ओढून काय उपयोग?" विल्बर्ट म्हणाला होता. "ओढणार ती. तिच्या हाताला कळायला हवं."

सासू इतक्या जवळ, भिंतीपलीकडेच असताना तो जन्मात पहिल्यांदा तिच्या घरात शिरला. नेहमी तो आत येई तो रिकाम्या घरात, कामापुरता. आज चुलीत निखारे होते, तव्याखाली राख ऊन होती, मागावर अर्धी वीण होती. दृष्टी खाली ठेवून तो डावीकडून भिंतीपाशी गेला आणि जमिनीवर बसला.

बाहेर एकदम कुत्रे भुंकू लागले. मेंढवाड्याची फळी कडाडली.

"कोयोटी कोल्हे आले," लोरिंडाचा आवाज आला. "आई, मेंढ्या फुटल्या. ओहोळाकडं चालल्यात."

"जा, जा," ग्लेनाबा म्हणाली. "शेळ्यांना आधी वळव, मेंढ्या मागं येतील."

ट्रकचा दरवाजा आपटला, चाके खडखडत दूर गेली. मग काहीच ऐकू येईना. भिंतीच्या आत विल्बर्ट बसला होता, बाहेर ग्लेनाबा उभी होती, आणि मध्ये ओंडके नि माती. काचेत आकडा उजळला. पूर्वेकडून पहिला किरण पॅनेलांवर पडला होता. एकशेएकेचाळीस. एकशेएकोणपन्नास. बॅटऱ्या रात्रभर फ्रिजने उतरल्या होत्या, आणि चार्जर भुकेल्यासारखा ओढू लागला. ती घटका आली होती आणि फार वेळ थांबणार नव्हती.

विल्बर्ट काचेजवळ सरकला.

बाहेरून आवाज आला, शांत आणि थोडा घोगरा. "भिंतीला सांगते," ग्लेनाबा म्हणत होती. "पोर मेंढ्यांमागं गेली. ती यायची वाट बघत बसले तर सूर्य वर येईल. आत कुणी असेल तर भिंतीनं त्याला विचारावं, आता ओढू का."

इतक्या वर्षांत हा आवाज त्याने दुरून, वाऱ्यावरून, कुत्र्यांवर ओरडताना ऐकला होता. इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. त्याने तोंड भिंतीकडे केले आणि डोळे मिटले.

"थोडं थांबावं," तो म्हणाला. "आकडा अजून चढतोय."

"किती झाला?"

"एकशेचोपन्न."

"छप्पन्नच्या पुढं जातो. मेंढ्या ओहोळापर्यंत गेल्या की जातो."

तो थांबला. एकशेछप्पन्न झाला. एकशेसत्तावन्न झाला.

"आता ओढावं," विल्बर्ट म्हणाला. "हळू नको. एका दमात."

बाहेर पायांखालची गोठलेली माती कुरकुरली. क्षणभर काही झाले नाही. मग भिंतीत एकच घट्ट आवाज झाला आणि काचेतला आकडा विझला. चरचर झाली नाही. विल्बर्टने नाक भिंतीशी नेले. जुनिपरचा वास, मातीचा वास. दुसरा कुठलाही नाही.

"भिंतीनं विचारलंय," तो म्हणाला, "हाताला कसं लागलं."

"मेंढीच्या पायाचं हाड जागेवर बसवतात ना, तसं," ग्लेनाबा म्हणाली. "पुन्हा करते."

तिने पुन्हा केले. मूठ चालू केली, थांबली, आकडा चढू दिला, पुन्हा ओढली. तिसऱ्यांदाही केले, त्याला न विचारता. विल्बर्ट आत बसून प्रत्येक वेळी आकडा सांगत राहिला आणि ती प्रत्येक वेळी "हं" म्हणत राहिली. चौथ्यांदा तिने मूठ चालूवर आणून तशीच ठेवली.

"त्या जळालेल्या डब्यावरून," ती म्हणाली, "मी पोरीजवळ बरंच बोलले होते. तिनं सांगितलं असेल."

"आकड्यांचं तेवढं सांगितलं."

बाहेर हसण्यासारखा एक लहान आवाज झाला. ओहोळाकडून शेळ्यांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या होत्या.

"भिंतीला सांगते," ग्लेनाबा म्हणाली, "आत जो आहे त्यानं बर्फाच्या पेटीतलं औषध फ्रिजात ठेवावं. मधल्या फळीवर. मग टेकडीवर जाऊन थोरलीला फोन करावा. तिला म्हणावं, यायचं तर ये, मटण शिजवते. ट्रेलर तिथंच सोडून ये." मग ती म्हणाली, "मी आता पोरीकडं निघाले. मागं वळून बघणार नाही."

पावले दूर गेली. विल्बर्टने कुप्या एकेक करून मधल्या फळीवर मांडल्या आणि फ्रिजचे दार लावले. घंटा तळ्याकडे जाऊन त्यांचा आवाज अगदी बारीक होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग सूर्याच्या वाटेने घराची फेरी पुरी करून तो बाहेर आला आणि मूठ नीट बसली आहे का पाहायला दक्षिणेच्या भिंतीकडे गेला.

रात्रीच्या थंडीने लाल मुठीवर पांढरे दव गोठले होते. त्यात चार बोटे आणि एक अंगठा वितळून उमटला होता. बोटे आखूड, सांध्यांत वाकलेली, तर्जनी बाजूच्या बोटावर किंचित चढलेली. उन्हात त्यांच्या कडा ओल्या होऊ लागल्या होत्या. विल्बर्टने ते पाहिले आणि सासूच समोर आल्यासारखी लगेच मान वळवली. ओलावा वाळेपर्यंत तो भिंतीकडे पाठ करून, पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला, आणि मगच टेकडीच्या वाटेला लागला.